मुक्कीच्या अलीकडे

दिवाळीची सुट्टी लागली की नागपूर-गोंदियाच्या गाड्या बालाघाटकडे वळतात. वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची बांधी मागे पडते, बैहरचा घाट सुरू होतो आणि वर पोचेपर्यंत सागाची जागा सालाने घेतलेली असते. गाडीतल्या बहुतेकांना हा घाट म्हणजे कान्हाच्या मुक्की गेटला पोचायला होणारा उशीर. पहाटेची जिप्सी ठरलेली असते, आणि वाघ दिसला नाही तर सुट्टी वाया!

हा मुलूख मराठी माणसाला परका कधीच नव्हता. भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग तोडून 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाला आणि नागपूर विभागात गेला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वारासिवनी-कटंगीकडच्या पोवारांच्या सोयरिकी मात्र अजून गोंदिया-भंडाऱ्यात जुळतात. नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी नॅरोगेज 2015 मध्ये थांबली. आता त्या वाटेने ब्रॉडगेज धावते.

बाहेरच्यांची इथली सुट्टी मुळात शिकारीची. कॅप्टन जेम्स फोरसिथचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक 1871 मध्ये निघालं आणि साहेबांना सातपुड्याची वाट कळली. पुढे 1955 मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. माग काढणारा बैगा किंवा गोंड तोच राहिला, फक्त आता त्याला गाइडचा गणवेश मिळाला.

पर्यटक ज्या कुरणांसमोर गाडी थांबवून भान हरपतात, त्यांतली कित्येक कुरणं म्हणजे जुन्या गावांची शेतं आहेत. 1960 च्या दशकाअखेरीपासून उद्यानातली गावं बाहेर हलवली गेली. सौंफसारख्या गावाच्या मोकळ्या जागी उंच गवत वाढलं, आणि बारशिंग्याला पाडसं लपवायला आडोसा मिळाला. कठीण जमिनीवरचा हा बारशिंगा 1970 मध्ये जेमतेम 66 उरला होता. आज कान्हात त्याची संख्या हजाराच्या घरात आहे. संवर्धनाचं हे मोठं यश आहे, यात वाद नाही. पण ते दृश्य ज्यांच्या नांगराने घडवलं, त्यांची नावं सफारीत कुणी सांगत नाही.

गाव न हलवताही उद्यान होऊ शकतं. इटलीतल्या अब्रुत्सोच्या डोंगरात 1923 साली राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे पेस्कासेरोली हे गाव उद्यानाच्या आतच वसलेलं आहे. अस्वल-लांडगे पाहायला आलेला पाहुणा गावातच उतरतो, तिथलंच चीज खातो. शेतावर पाहुणे ठेवण्याबद्दल त्या देशाने 1985 मध्ये कायदा केला, आणि शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे अशी अट घातली. अर्थात तिथल्या अस्वलाशी आपल्या वाघाची बरोबरी करणं फसवं आहे. गाव वाघाच्या घरात ठेवता येत नाही. पाहुण्याला गावात ठेवता येतं.

मध्य प्रदेशात हे सुरू झालं आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सावरवानीने 2024 मध्ये केंद्राचा उत्तम पर्यटन गावाचा सन्मान मिळवला. बैहर-परसवाड्याकडे दाखवण्यासारखं कमी नाही: कोदो-कुटकी, मोहाची फुलं, बैगांची औषधी वनस्पतींची जाण. खालच्या मैदानातल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रिसॉर्टच्या ताटात बहुधा बासमतीच येतो.

सगळं चित्र हिरवं नाही. बैहरच्याच पठारावर मलाजखंडची तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. नक्षलवादाची सावली इथे दीर्घकाळ होती. 1999 मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची किरनापूर भागातल्या त्यांच्याच गावी हत्या झाली. बाहेरचा माणूस इथे मुक्काम करायला कचरला, त्याचं हेही एक कारण.

बुधवारी दुपारी कान्हाच्या गाभ्यातली सफारी बंद असते. रिसॉर्टमधले पाहुणे तेव्हा पोहण्याच्या तलावाकाठी कंटाळत बसतात. बैहरच्या बाजारपेठेपर्यंत गाडीला तेव्हा ना परवाना लागतो, ना बुकिंग.