पडद्यावरचा जब्या

मराठी चित्रपटातलं गाव बहुधा पाटलाच्या वाड्यातून दिसायचं. गावकुसाबाहेरचा माणूस असलाच तर कडेला, हात जोडून. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) कॅमेराच त्याच्या दारात नेला.

जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. गावातली डुकरं धरायचं काम त्याच्या घरच्यांच्या माथी. डुक्कर हाताशी येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. पुढे धरलेलं डुक्कर काठीला टांगून घरची माणसं निघतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं असतात. राज्यघटनेचा शब्द आणि गावातलं जगणं यांतलं अंतर मराठी पडद्याने इतकं थेट क्वचितच दाखवलं आहे.

गोष्ट कोण सांगतं, हेही तितकंच महत्त्वाचं. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडेचा हा पहिलाच चित्रपट. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अशा कथांना प्रेक्षक नसतो, ही निर्मात्यांची जुनी सबब. पण २०१६मध्ये जातीबाहेरच्या प्रेमाची गोष्ट सांगणारा मंजुळे यांचाच ‘सैराट’ कमाईत शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला.