३७.३३ सेकंद आणि ४६ वर्षं

जून २०२४ मधली गोष्ट. शुक्रवारी रात्री ऑफिसची अख्खी गँग 'चंदू चॅम्पियन' बघायला गेली. कारण अर्थातच कार्तिक आर्यन! पिक्चर अर्ध्यावर आला आणि शेजारच्या खुर्चीतून कोपर लागलं, "काय रे, हे खरंच घडलंय? तू तिकडचाच ना?"

मी तिकडचाच. गाव कराड, आजोळ वाळवा तालुक्यात. लहानपणी दर मे महिन्यात आमची एसटी पेठ नाक्यावर थांबायची, खिडकीतून शेंगदाण्याच्या पुड्या आत यायच्या. आणि पडद्यावर जो माणूस दिसत होता, त्या मुरलीकांत पेटकरांचा जन्म त्याच पेठचा, १ नोव्हेंबर १९४४ चा. मला मात्र त्यांचं नाव पिक्चरच्या पोस्टरवरून कळलं. मी खोटंच म्हटलं, "हो, खरंय की." घरी जाऊन मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

आमच्याकडे पैलवानकी आणि फौज या दोन गोष्टी हवेतच आहेत. कराडला लागून गोळेश्वर आहे. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे तर फौजींची गावंच्या गावं आहेत. एका गावाच्या नावातच 'अपशिंगे मिलिटरी' असं लिहितात! अशा पट्ट्यातलं पोर कुस्तीत रमणार आणि पुढे सैन्यात जाणार, यात नवल ते काय. पेटकरांचं निमित्त तेवढं वेगळं होतं. मुलाखतींमध्ये ते सांगतात, की बाराव्या वर्षी त्यांनी गावातल्या बड्या घरच्या पोराला चितपट केलं, प्रकरण तापलं आणि त्यांनी गाव सोडलं. तिथून थेट लष्कराची बॉइज बटालियन. तिथे कुस्ती सुटली, बॉक्सिंग लागलं. १९६४ मध्ये सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी टोकियोची वारीसुद्धा झाली.

वर्षभरातच युद्ध. १९६५ चा सप्टेंबर, सियालकोट सेक्टर. पेटकर इएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या दलात. शिट्टी वाजली. काहींना वाटलं, चहाची वेळ झाली. ती हवाई हल्ल्याची शिट्टी होती. शरीरात गोळ्या घुसल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात जाऊन बसली. ती तिथेच राहिली. कमरेखालचं अंग गेलं, काही काळ स्मृतीही गेली. वय? एकवीससुद्धा पूर्ण नव्हतं. (आपण त्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या टायचा रंग ठरवत होतो.)

पुढचा मुक्काम मुंबईत, नौदलाच्या 'अश्विनी' हॉस्पिटलमध्ये. पोहणं सुरू झालं ते पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून.

हे पाय न वापरता पोहणं म्हणजे नक्की काय, ते बघायचं म्हणून मी एका रविवारी टँकवर गेलो आणि दोन्ही पाय घोट्यापाशी बांधून घेतले. कोचने आधी वेड्यात काढलं. पहिल्या दहा हातांतच कळलं, की पाय नुसते निरुपयोगी होत नाहीत, ते लंगर होतात! कंबर खाली बसते, शरीर तिरकं होतं आणि पाणी छातीवर भिंतीसारखं आपटत राहतं. सगळं ओढायचं ते खांद्यांनी. पन्नास मीटरला मला जवळजवळ दोन मिनिटं लागली आणि शेवटी मी कठडा धरून खोकत होतो.

ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पार केलं ३७.३३ सेकंदांत. त्यांच्या गटातला विश्वविक्रम आणि सुवर्णपदक. ऑलिंपिक म्हणा, पॅरालिंपिक म्हणा, भारताचं पहिलं वैयक्तिक गोल्ड. अभिनव बिंद्राचं गोल्ड २००८ चं, म्हणजे ३६ वर्षांनंतरचं. बरं, पेटकर काही फक्त पोहणारेही नव्हते. १९६८ च्या तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले होते, हायडेलबर्गला भालाफेकीतही उतरले होते. प्रवासखर्चाची सोय करण्यात क्रिकेटर विजय मर्चंट यांचा हात होता.

इथे पिक्चर टाळ्या घेतो. मला मात्र त्यानंतरचा भाग जास्त छळतो.

त्यानंतर पेटकर पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. नोकरी, बायको, मुलं, महिन्याचा पगार. म्हणजे आपलंच आयुष्य, बॉस! फक्त या माणसाच्या कपाटात वर्ल्ड रेकॉर्डचं मेडल आणि पाठीत गोळी. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. पुन्हा दारात जायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग संसार केला. एक-दोन वर्षं नाही, दशकंच्या दशकं. आपलं अप्रेझल एकदा मनासारखं झालं नाही, तर आपण महिनाभर कँटीनमध्ये कुढतो आणि नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकून मोकळे होतो. मी तरी होतो.

पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. हायडेलबर्गनंतर ४६ वर्षांनी. सिनेमा आला २०२४ ला. आणि ज्या अर्जुन पुरस्काराला एकदा नकार मिळाला होता, तो जीवनगौरव म्हणून राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला १७ जानेवारी २०२५ ला. तेव्हा पेटकर ऐंशी वर्षांचे होते. खाशाबांना अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. आमच्याकडच्या माणसांना दिल्ली जरा लांबच पडते, दुसरं काय.

सिनेमानंतर मी बाबांना फोन केला. बाबा तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात होते. टेल्कोतले कितीतरी कामगार त्यांच्या ओळखीचे, चाळीतले शेजारी, भिशीतले मेंबर.

"पेटकर नाव ऐकलंय कधी?"

"कोणत्या शॉपला होते?" बाबांनी विचारलं.

मी गोल्ड मेडलचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "पेठचा माणूस... रोज तेवढ्याच भोंग्याला आत-बाहेर करत असणार, आमच्यासारखाच. कुणी सांगितलंच नाही रे."

"तुम्ही विचारलंत का कधी कुणाला?"

"भोंगा झाल्यावर कोण कुणाला काय विचारतंय," बाबा म्हणाले. "पुढच्या वेळी गावाला जाताना पेठला थांबू."

मागच्या महिन्यात थांबलो. नाक्यावर चहा घेतला. बाबांनी टपरीवाल्याला पेटकरांचं गाव हेच ना, असं विचारलं. तो म्हणाला, "हेच की. तुमी पिक्चर बघितला न्हवं?" आणि पैसे घेताना पुढे म्हणाला, "आमीबी त्येच्यातच बघितला."