चाकं पोटात घेणारी घरची विमानं

घरी बांधलेल्या विमानांवर मराठीत काहीही लिहिलं गेलं, की लेखणी आधी चौपाटीवर जाते. १८९५ साल, शिवकर बापूजी तळपदे, आणि मग अभिमानाची चार पानं. तळपदेंनी तेव्हा विमान उडवल्याच्या दाव्याला ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात, त्यातली यानं उडू शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच सांगितलं आहे. तो विषय मी इथेच सोडतो.

खरं उदाहरण कांदिवलीचं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. वर्तमानपत्रांनी गच्ची आणि सरकारी परवानग्या रंगवून सांगितल्या. विमान बांधताना कुठला सांधा छळतो, कुठलं व्हॉल्व्ह रात्रीची झोप उडवतं, हे कुणी विचारलं नाही. माझा सगळा जीव त्या सांध्यांत आहे.

विमानाची चाकं उघडी ठेवावीत की पोटात घ्यावीत, हा घरी बांधणाऱ्यांमधला जुना वाद. उघड्या चाकांचे पुरस्कर्ते अमेरिकेतल्या रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या 'आरव्ही' विमानांकडे बोट दाखवतात. ती हजारोंनी उडाली आणि त्यांची चाकं स्थिरच आहेत. वजन कमी, खर्च कमी, चाकं खाली करायला विसरण्याची भीती नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. वेगवान विमानाला चाकं बाहेर लोंबकळत ठेवणं परवडत नाही. 'चाकं आत घेणं ही नुसती हौस' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी आधी हे गणित मांडावं.

मधल्या वाटाही आहेत. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीचं फक्त पुढचं चाक आत जातं, तेही हाताने कळ फिरवून. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात याच आराखड्यावरून आपलं संशोधन विमान बांधलं. इटालियन फाल्कोची चाकं विजेच्या मोटरने वर जातात. त्या दोन विमानांविषयी इतकंच पुरे, माझा विषय तेलाच्या दाबाने आत जाणारी चाकं.

लँसेअरच्या कुळातल्या ३२० आणि ३६० या विमानांत विजेवर चालणारा छोटा पंप तेलाला दाब देतो आणि सिलिंडर चाकांचे पाय ओढून घेतात. वर गेल्यावर पायांना वेगळी कडी नसते, तेलाच्या दाबावरच ते टिकून राहतात. म्हणून एक ओ-रिंग झिजली, तरी उडताना पंप पुन्हा पुन्हा सुरू होतो. कान तयार असलेल्या वैमानिकाला ती सूचना पुरते. आणीबाणीत एक व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा, म्हणजे पाय स्वतःच्या वजनाने खाली येतात. पुढच्या पायाला मात्र समोरून येणारा वारा मागे रेटतो, म्हणून तिथे गॅसचा दांडा बसवतात. तो दांडा मऊ पडलेला असतानाही वर्षानुवर्षं उडणारी माणसं आहेत. मला त्यांचा राग येतो.

त्याहून नाजूक भाग दारांचा. चाकाच्या खोबणीवरचं दार जमिनीवर अगदी चपखल बसलं, की नवखा खूश होतो. पण उडताना बाहेरची हवा त्या दाराला ओढते, फायबरग्लास किंचित वाकतं आणि पुढच्या काठाशी फट पडते. त्या फटीतून वारा आत शिरला, की दार आणखी फुगतं. म्हणून दार ओढणाऱ्या दांड्यांची लांबी अशी ठेवावी लागते, की जमिनीवर दार काठावर थोडं जास्तच ओढून बसेल. आतल्या बाजूला कडक पट्टी चिकटवावी, बिजागरीतला खेळ काढावा, रंगाचा थर धरून फट मोजावी. दाराला स्वतःचा सिलिंडर असेल तर क्रमही सांभाळावा लागतो. आधी दार उघडलं पाहिजे, मग पाय हलला पाहिजे. क्रम राखणारं व्हॉल्व्ह चुकलं, की पाय दारावर आदळतो.

आमच्या नेवाशाकडच्या उन्हाचा इथे थेट संबंध येतो. मे महिन्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या नळीत तेल दोन्हीकडून कोंडलेलं असेल, तर ते तापून फुगतं आणि दाब चढतो. तो सोडणारं छोटं व्हॉल्व्ह थंड देशातल्या आराखड्यात नसलं, तरी आपल्याकडे हवंच. तेलाचंही तसंच. विमानाचं लाल खनिज तेल आणि गाडीचं ब्रेक ऑइल यांची अदलाबदल केली, की सील फुगतात आणि फाटतात.

ही समज आपल्याकडे नाही असं नाही. ओझरला १९६० च्या दशकापासून मिग विमानं बांधली गेली. कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली 'किरण' हे विमान झालं, ते १९६४ मध्ये उडालं, आणि त्याची चाकं हायड्रॉलिकवर आत जात. इकडे नेवासा फाट्यापासून कुकाण्यापर्यंत ट्रॉलीचे जॅक उतरवून सील बदलणारी दुकानं आहेत. तिथल्या पोरांच्या बोटांना गळतीचं ज्ञान आहे.

आणि सध्या आमच्याकडची अभियांत्रिकीची मुलं प्रकल्प म्हणून विकतचे ड्रोन जोडतात. चार मोटरी, एक बॅटरी, झाला प्रकल्प. तेलाने हात माखलेला विद्यार्थी पाहिला, की मला अजून बरं वाटतं, पण तसे आता थोडेच दिसतात.

आमच्या जिल्ह्यातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे. एक लोखंडी सांगाडा उभा करा. त्यावर एक पाय, एक दार, एक पंप आणि दाब दाखवणारा काटा बसवा. पंप बंद करून पाय खाली येतो का, हे दर आठवड्याला मुलांकडून करून घ्या. आणि शिकवायला गावातला जॅक दुरुस्त करणारा कारागीर बोलवा, त्याला मानधन द्या.