गावाचा संघ, प्रतिस्पर्ध्यांचा पैसा

विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे शहराची लोकवस्ती लाखाच्या थोडी वर, आणि तिथल्या लॅम्बो फील्ड या स्टेडियमात माणसं बसतात ८१ हजार. हिशेब चुकलाय असं वाटेल, पण १९६० पासून इथलं हंगामाचं एकही तिकीट शिल्लक राहिलेलं नाही. प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत आणि मूल जन्मलं की त्याचं नाव यादीत घालणारे आईबापही आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांच्या पंगतीत ग्रीन बे पॅकर्स हा या गावाचा संघ बसतो. नुसता बसत नाही. १३ विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही संघापेक्षा जास्त.

संघ उभा राहिला १९१९ मध्ये. कर्ली लॅम्बो नावाचा विशीतला तरुण इंडियन पॅकिंग कंपनी या डबाबंद मांसाच्या कारखान्यात नोकरीला होता. कंपनीने गणवेशांसाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला कायमचं नाव मिळालं. कंपनी लवकरच बंद पडली, संघही पडायच्या बेतात होता. तेव्हा ‘प्रेस-गॅझेट’ या स्थानिक वर्तमानपत्राचे व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल आणि गावातल्या चार मातब्बर मंडळींनी १९२३ मध्ये पाच-पाच डॉलरचे हजार भाग विकले. पॅकर्सचा कोणी मालक नाही, तो तेव्हापासून.

भागधारक आज पाच लाखांहून जास्त आहेत. सहकारी साखर कारखान्याचा सभासद निदान उसाला भाव मागतो, दिवाळीला सवलतीची साखर नेतो. पॅकर्सच्या भागधारकाला तेवढंही नाही. लाभांश नाही, भागाची किंमत वाढत नाही, बाजारात तो विकता येत नाही, तिकिटासाठी वशिला चालत नाही. फायद्याच्या आशेने घेऊ नका, असं विक्रीच्या कागदपत्रांतच बजावलेलं असतं. मिळतं काय? भिंतीवर लावायला प्रमाणपत्र, संचालक निवडताना मत आणि जुलैत स्टेडियमात भरणाऱ्या वार्षिक सभेचं आमंत्रण. उद्या संघ विकलाच, तर पैसा जाईल संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे. म्हणजे संघ पळवून दुसऱ्या शहरात नेण्यात कोणाचाच लाभ नाही. ही खरी मेख. लीगच्या नियमांत आता अशी लोकमालकी बसत नाही. पॅकर्सना जुने म्हणून सूट आहे.

इथवरची कथा अमेरिकेत कौतुकाने सांगितली जाते, आणि मला ती अर्धीच वाटते. अशी छोट्या गावांची टोळकी लीगच्या पहिल्या दशकात बरीच होती. कँटन, डुलुथ, रॉक आयलंड सगळी गेली. भाग विकून गणवेश आणि गवत येतं. कोट्यवधींचे पगार येत नाहीत. पॅकर्स तगले ते १९६१ मुळे. त्या वर्षी लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी मालकांना पटवलं की दूरचित्रवाणीचे हक्क प्रत्येकाने वेगळे न विकता एकत्र विकायचे आणि पैसा सगळ्यांत सारखा वाटायचा. सर्वांत मोठी बाजारपेठ न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाची, म्हणून सर्वांत जास्त पाणी त्यांनाच सोडायचं होतं. त्यांनी सोडलं. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यासाठीच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये अंतिम सामना झाला आणि प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या पॅकर्सनी याच जायंट्सना ३७-० असं धुतलं.

आज या समान वाट्यातून पॅकर्सना वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक मिळतात. हा आकडा बाहेर कळतो, कारण लोकांचा संघ म्हणून त्यांना ताळेबंद उघड करावा लागतो. बाकी ३१ संघांचे मालक आपल्या वह्या झाकून ठेवतात. १९९४ पासून पगारांच्या एकूण खर्चालाही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे न्यूयॉर्कच्या मालकाला वाटलं तरी सगळे चांगले खेळाडू विकत घेता येत नाहीत.

हंगामाची सुरुवात जुलैअखेरच्या सराव शिबिराने होते. लोम्बार्डींच्या काळापासूनचा रिवाज असा की खेळाडू स्टेडियमातून सरावाच्या मैदानाकडे जातात ते गावातल्या पोरांच्या सायकलींवरून. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी गुडघे कानाशी आणत सायकल हाकतो आणि त्याचं हेल्मेट सांभाळत मालक पोरगं शेजारून पळतं. डिसेंबरात बर्फ साचला की संघ गावकऱ्यांना बोलावतो. फावडी मारून बाकं मोकळी करायची, तासाप्रमाणे मजुरी रोख. थंडी किती? ३१ डिसेंबर १९६७ च्या अंतिम सामन्यात पारा उणे २५ सेल्सिअसवर होता. मैदानाखालची उष्णता देणारी यंत्रणा बंद पडली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या. १६ सेकंद उरले असताना पॅकर्सचा बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि डॅलस काउबॉइज हरले.

पण या खेळातला हंगाम म्हणजे काय चीज आहे ते समजायला मी २०१० चं वर्ष घेईन. आठवड्याला एक सामना, तेव्हा एकूण १६. क्रिकेटसारखी पुढच्या सामन्यात भरपाई करायला फारशी जागा नाही, आणि खेळ धडकांचा, त्यामुळे सप्टेंबरात नावं जाहीर झालेला संघ डिसेंबरात राहत नाही. पहिल्याच सामन्यात मुख्य धावपटू रायन ग्रँटचा घोटा गेला. पुढे जर्मायकल फिनलीचा गुडघा. हंगाम संपेपर्यंत पंधराएक खेळाडू जायबंदींच्या यादीत होते. डेट्रॉइटमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे फेकीची सगळी सूत्रं हाती असलेला ॲरन रॉजर्स, डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि सामना ७-३ ने गेला. पुढचा न्यू इंग्लंडविरुद्धचा बदली खेळाडू मॅट फ्लिनने जवळजवळ काढला होता. तोही चार गुणांनी हुकला. आठ विजय, सहा पराभव.

गंमत त्या सहा पराभवांतच आहे. सगळे मिळून फरक फक्त २० गुणांचा, एकही चारपेक्षा जास्त गुणांचा नाही. कागदावर सुमार दिसणारा संघ खरं तर कोणाकडूनच नीट हरलेला नव्हता. उरलेले दोन्ही सामने जिंकून तो बाद फेरीत शेवटच्या, सहाव्या क्रमांकाने शिरला. म्हणजे प्रत्येक सामना परक्या मैदानावर. फिलाडेल्फियात २१-१६, तिथे निवडप्रक्रियेच्या सहाव्या फेरीतून आलेल्या जेम्स स्टार्क्सने १२३ यार्ड काढले. अटलांटात ४८-२१. शिकागोत, जुन्या वैऱ्याच्या घरी, २१-१४.

अंतिम सामना: ६ फेब्रुवारी २०११, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स. बचावाचा कणा असलेल्या चार्ल्स वुडसनचं गळपट्टीचं हाड मध्यंतराआधीच मोडलं. २१-३ ची आघाडी वितळत शेवटच्या सत्रात २८-२५ झाली. सहाएक मिनिटं बाकी, पॅकर्स आपल्याच टोकाशी, तिसरी खेळी आणि अजून दहा यार्ड काढायचे. चुकलं असतं तर चेंडू स्टीलर्सकडे. रॉजर्सने मैदानाच्या मधोमध सरळ रेषेत फेक केली. स्टीलर्सच्या आयक टेलरच्या बोटांना चाटूनच चेंडू ग्रेग जेनिंग्सच्या हातात गेला, ३१ यार्ड पुढे. त्यातून तीन गुण निघाले आणि शेवट ३१-२५ असा झाला. 

पुढच्या हंगामात जखमा कमी, विजय जास्त. सलग १३ सामने जिंकले. डिसेंबर २०११ मध्ये स्टेडियम वाढवण्यासाठी भाग पुन्हा विक्रीला काढले, या वेळी २५० डॉलरला एक. लोकांनी अडीच लाखांहून जास्त घेतले. हंगाम १५ विजय, एक पराभव असा संपला आणि बाद फेरीचा पहिलाच सामना घरच्या मैदानावर मिळाला. पाहुणे होते न्यूयॉर्क जायंट्स, तेव्हाही मारा कुटुंबाच्या निम्म्या मालकीचे. त्यांनी पॅकर्सना ३७-२० असं हरवलं आणि पुढे विजेतेपदही नेलं. भागविक्री त्यानंतरही फेब्रुवारीअखेरपर्यंत चालू होती.