पोषण-योजनेचे मूल्यमापन व प्रश्नावलीतील मराठी

शासकीय पोषण-योजनेचे फळ काय मिळाले, हे पाहण्यासाठी एखादी संशोधन-संस्था संशोधकाची नेमणूक करते, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा असते ती मुख्यतः संख्याशास्त्राची. नमुना कसा निवडावा, वजन-उंची कशी मोजावी, कोष्टके कशी मांडावी, हे त्याला शिकविलेले असते. आईला विचारावयाचा प्रश्न मराठीत कसा घालावा, ही बाब मात्र भाषांतरकारावर सोपवून दिली जाते. वस्तुतः निष्कर्षाचा बराचसा भार तिच्यावरच पडतो.

मुंबईच्या पूर्व उपनगरात देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांचे संयोजन केले. २००५ साली महाराष्ट्रात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले, आणि २०१२ मध्ये याच संस्थेने राज्यभर पोषणाची स्वतंत्र पाहणी केली. तीत दोन वर्षांखालील बालकांत वाढ खुरटल्याचे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. २००५-०६ मध्ये ते ३९ टक्के होते. घट लक्षणीय खरी. परंतु आधीचा व नंतरचा आकडा शेजारी मांडल्याने ती अमुक योजनेमुळेच झाली, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी आहार कोणाच्या घरी पोहोचला व प्रत्यक्षात कोणी खाल्ला, हे कळावे लागते. आणि ते तराजूला नव्हे, आईलाच विचारावे लागते.

येथे पहिलीच अडचण ‘पूरक आहार’ या शब्दप्रयोगाची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीतून मिळणाऱ्या अन्नाला ‘पूरक पोषण आहार’ म्हणतात. सहा महिन्यांनंतर स्तनपानाच्या जोडीने बालकास घरी जे अन्न सुरू करतात, त्यालाही आरोग्य-शिक्षणाच्या पुस्तिका ‘पूरक आहार’च म्हणतात. ‘बाळाला पूरक आहार मिळतो का?’ या प्रश्नाला आई ‘हो’ म्हणाली, तर ते अंगणवाडीच्या पाकिटाविषयी की घरच्या खिमटाविषयी? पहिल्या अर्थाने ते योजनेचे यश, दुसऱ्या अर्थाने योजनेशी त्याचा संबंधच नाही. प्रश्नाचे मूळ इंग्रजीत पुन्हा भाषांतर करून ताडून पाहण्याची जी रूढ पद्धत आहे, तिने हा दोष सापडत नाही. कारण भाषांतरकाराला मूळ अर्थ ठाऊक असतो व तो बिनचूक तिथेच परततो. आयांच्या बोलीत या दोन गोष्टींत घोटाळा नाही. एक ‘अंगणवाडीचा खाऊ’, दुसरे ‘वरचे अन्न’.

‘जेवणे’ व ‘खाणे’ यांतील भेदही असाच. काल बाळ किती वेळा जेवले, असे विचारल्यास भात-वरण किंवा भाकरी मोजली जाते. पेज, बिस्कीट, केळे हे ‘खाणे’ म्हणून गळते. खाऊ तर जेवणाबाहेरचाच. तेव्हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बालकासाठी ठरविलेले ५०० उष्मांक घरी पोहोचूनही आहाराच्या नोंदीत न उमटण्याचा संभव राहतो.

वयाच्या बाबतीत तर चूक थेट गणितात शिरते. ‘सहावा महिना लागला’ म्हणजे पाचच पूर्ण झाले. प्रश्नावलीला हवे असतात पूर्ण झालेले महिने. एका महिन्याच्या फरकाने बालक आहारास पात्र ठरते वा वगळले जाते, आणि वयानुसार वजनाच्या तक्त्यावर त्याची जागाही सरकते. जन्मतारखेचा दाखला पाहणे हाच येथे खरा उपाय; तो नसेल तेथे सण किंवा पावसाळा यांच्या आधाराने महिना काढावा लागतो.

उपनगरांत याच्या जोडीला बहुभाषिकता येते. घाटकोपर-मुलुंडकडे मराठीबरोबर गुजराती, गोवंडी-मानखुर्दकडे हिंदी-उर्दू. मुलाखत घेणारी मुलगी दारातच प्रश्नाचे रूप बदलते. आई गोंधळली की तिला हे करावेच लागते व त्यात तिचा दोष नाही. पण मग छापील प्रश्न एक आणि विचारलेला दुसरा, असे होते. म्हणून मुख्य पाहणीपूर्वी थोड्या घरांत प्रश्न विचारून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे आईकडूनच वदवून घ्यावे, आणि मुलाखतकर्तीने योजलेला पर्यायी शब्द टिपण्यासाठी प्रत्येक प्रश्नाशेजारी एक रकाना मोकळा ठेवावा.