संसदेच्या आर्थिक कामाची पारख मतदाराने कशी करावी

महागाई वाढली म्हणजे संसद नापास आणि रोजगार वाढला म्हणजे पास, असा निकाल सोपा असला तरी न्याय्य नाही. आर्थिक धोरण सरकार आखते. त्यासाठी पैसा मंजूर करणे, कराला संमती देणे आणि झालेल्या खर्चाचा जाब विचारणे ही संसदेची जबाबदारी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, आणि संसदेने विनियोजन कायदा केल्याशिवाय देशाच्या संचित निधीतून रुपयाही काढता येत नाही. संमती देण्यापूर्वी संसदेने किती तपासले, हीच तिची खरी कसोटी.

या पारखेची पहिली पायरी म्हणजे कोणता निर्णय कोणाचा, हे ओळखणे. पालघर जिल्ह्यात वैतरणा नदीच्या मुखाशी वसलेल्या दातिवरे या मच्छीमार गावातून पाहिले तर हे स्पष्ट होते. बोटीच्या डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन्ही बसतात. राज्याकडून मिळणारा डिझेल परतावा रखडला, तर आमदाराला विचारायचे. उत्पादन शुल्काबद्दल खासदाराला. जीएसटीचे दर ठरतात ते जीएसटी परिषदेच्या शिफारशींवरून आणि रेपो दर ठरवते रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती. ही वाटणी माहीत नसली की प्रश्न चुकीच्या दारात जातो आणि ज्याने उत्तर द्यायचे तो सुटतो.

दुसरी कसोटी अर्थसंकल्पावरील चर्चेची. अर्थसंकल्प मांडल्यानंतर प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदान मागण्या लोकसभेपुढे येतात. सदस्य कपात सूचना देऊन एखाद्या खर्चाला हरकत घेऊ शकतात. मात्र ठरलेली मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गदारोळात सगळ्याच मागण्या अशा मंजूर झाल्या. त्यात शेतीपासून संरक्षणापर्यंत प्रत्येक खात्याचा पैसा होता.

महाराष्ट्राने याच्या अगदी उलट उदाहरण घालून दिले आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी इंपीरियल कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले. सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होते. लोक हलाखीत असताना उरलेली ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त करवसुली आहे, हे गोखल्यांनी आकड्यांनिशी मांडले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी लावून धरली. १९०३ मध्ये तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्या मंडळात सदस्यांना अर्थसंकल्पावर मतदानाचा अधिकारही नव्हता. आजच्या खासदारांच्या हाती तो अधिकार आहे. म्हणून त्यांचे मौन अधिक गंभीर ठरते.

तिसरी कसोटी समित्यांची. खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून काम करतात. २००४ पासून त्यांची संख्या २४ आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या मागण्या कृषीविषयक समिती तपासते. लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. ती नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालांवरून खर्चाची छाननी करते आणि संकेतानुसार तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते. समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांवर काय केले ते सरकारला कळवावे लागते.

पालघर जिल्ह्यात या कसोट्या लावून पाहण्याजोगा विषय समोरच आहे. सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. मासेमारीची जागा जाईल या भीतीने किनाऱ्यावरील मच्छीमारांनी त्याला विरोध केला. निर्णय मंत्रिमंडळाचा असला, तरी भरपाई, पुनर्वसन आणि पर्यावरणाबद्दल सभागृहात प्रश्न विचारणे आणि समितीत कागदपत्रे मागवणे संसदेच्या हातात आहे. बंदर हवे असणाऱ्यांनाही आणि नको असणाऱ्यांनाही या छाननीची तेवढीच गरज आहे.

शेवटची कसोटी आपल्या खासदाराची. स्थानिक विकास निधीचे वर्षाला ५ कोटी रुपये रस्त्यात किंवा समाजमंदिरात दिसतात. पण २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा होता आणि त्यावरही तोच खासदार मत देतो. त्याची उपस्थिती, प्रश्न, भाषणे आणि समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. ग्रामसभेत किंवा मच्छीमार संस्थेच्या बैठकीत वर्षातून एकदा ही नोंद वाचली गेली, तर प्रचारसभेत खासदाराला कोणते प्रश्न विचारायचे, हे गावाला आधीच ठाऊक असेल.