काचपट्टीवर दिसतं ते आणि दिसत नाही ते

सेवाग्राम आश्रमातलं १९४० सालचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात गांधीजी सूक्ष्मदर्शकावर वाकून कुष्ठरोगाचे जंतू पाहताहेत. हे निव्वळ कुतूहल नव्हतं. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री १९३९ मध्ये आश्रमात आश्रयाला आले होते. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं, स्वतःच्या हातानं मालीश केलं. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांचं कुष्ठधाम १९३६ पासूनच सुरू होतं.

नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू १ ते ८ मायक्रॉन लांब असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो पाहायला त्वचेतला स्राव काचपट्टीवर पसरून रंगवावा लागतो. आम्लानं धुतल्यावरही या जंतूंचा लाल रंग टिकतो. मग भिंगाखाली तेलाचा थेंब घालून १,००० पट मोठं केलं, की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात.

घरी सूक्ष्मदर्शकातून पाहायला एवढा खटाटोप नको. १०० पट पुरे. मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेला कागदी फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो. वर्धा जिल्ह्यातल्या घरानं सुरुवात कापसापासून करावी. सरकीच्या सालीवरच्या एकाच पेशीपासून वाढलेला तंतू चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरतात आणि चरख्यावर सूत निघतं. शेजारी पॉलिस्टरचा धागा ठेवा. तो सरळ, गुळगुळीत दिसेल.

नंतर पाणी. धाम नदीच्या काठचं किंवा शेततळ्यातलं शेवाळ पाण्यासकट आणावं, त्याच पाण्यात थोडं वाळलं गवत घालून काही दिवस ठेवावं. गवतावर जिवाणू वाढतात आणि त्यांना खाणारे पॅरामेशियम वाढतात. पाव मिलिमीटरचा हा एकपेशीय जीव अंगावरच्या केसलांनी, म्हणजे बारीक केसांसारख्या तंतूंनी, गिरक्या घेत पोहतो. रोटिफर हा सूक्ष्म जलचर सापडला, तर त्याच्या डोक्यावरचं चक्र फिरल्याचा भास होतो. खरं तर तिथे केसलांची लाट धावत असते. सूक्ष्मदर्शकाला आरसा असेल, तर त्यात सूर्य कधी धरू नये; हात साबणानं धुवावेत.

याच भिंगाखाली विहिरीचं पाणी ठेवलं आणि काहीच दिसलं नाही, तर? ते पिण्याजोगं ठरत नाही. पटकीचा जंतू या ताकदीला ओळखू येत नाही. पाणी उकळावंच लागतं. कुष्ठरोगातही असंच आहे. अनेक रुग्णांच्या काचपट्टीवर १,००० पटीलाही जंतू सापडत नाही. तिथे डॉक्टर चट्ट्यावरची संवेदना तपासतात, कोपराजवळची जाड झालेली नस चाचपतात. म्हणून घरच्या नोंदवहीत ‘काही नाही’ असं लिहू नये. ‘१०० पटीला काही दिसलं नाही’ असं लिहावं.